होजियरीला मान मिळवून देणारी कोको शनेल

जालना रस्त्याने शहराबाहेर पडताना विमानतळ लागतो आणि त्याच्या आसपास चिकलठाण्याची वस्ती व औद्योगिक वसाहत पसरलेली दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या या भागात, महाराष्ट्रातील कोणत्याही उपनगरात असावे तसे, अनेक घरांत खिडकीजवळ शिलाई मशिन असते. ब्लाऊज, परकर, सलवार-कमीज शिवण्यात हात बसलेली एखादी गृहिणी एक दिवस बाजारातून होजियरीचे कापड आणते आणि मुलीसाठी टॉप शिवायला घेते. आजवर निमूटपणे चालणारे मशिन त्या दिवशी बंड करते. मधूनच टाके सुटतात. गळ्याची कड लाटांसारखी वळते. कापलेली बाजू गुंडाळत जाते. शेवटी टॉप अंगात घालताना शिवणीचा दोरा तटकन तुटतो. इतकी वर्षे शिवण करूनही हात असा का फसावा, हे तिला कळत नाही. दोष हाताचा नसतो. कापडाचा स्वभाव निराळा असतो आणि तो नव्याने शिकावा लागतो.

हा स्वभाव ओळखून त्यावर आपले सारे आयुष्य उभे करणारी एक स्त्री विसाव्या शतकात होऊन गेली. पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी योजलेले कापड तिने स्त्रियांच्या बाहेरच्या पोशाखात आणले आणि श्रीमंतांच्या अंगावर चढवले. फ्रान्सची गॅब्रिएल शनेल, म्हणजेच जगाला ठाऊक असलेली कोको शनेल, ती हीच. आज तिचे नाव अत्तराच्या बाटलीवर आणि महागड्या हातपिशव्यांवर वाचायला मिळते. परंतु तिच्या कीर्तीचा पाया होजियरीवर रचला गेला होता, आणि तो रचणाऱ्या हातांना सुई धरायला शिकवले होते एका अनाथालयाने.

एका धाग्याचे कापड

मराठीत विणणे हे एकच क्रियापद मागावरच्या कापडालाही लागते आणि लोकरीच्या स्वेटरलाही. प्रत्यक्षात या दोन क्रिया अगदी भिन्न आहेत. पैठणी असो वा या शहराची ख्यातनाम हिमरू, मागावर ताण्याचे उभे धागे घट्ट ताणलेले असतात आणि बाण्याचा आडवा धागा त्यांच्यातून खालीवर जातो. असे कापड उभे ओढले काय आणि आडवे ओढले काय, फारसे हलत नाही. त्याला आकार द्यायचा तर टक्स, चुण्या, कळ्या आणि बटणे लागतात. होजियरीच्या कापडात मात्र धाग्याचा एक फासा दुसऱ्या फाशात अडकवलेला असतो. ओढले की फासा लांबतो, सोडले की आखडतो. म्हणूनच बनियन बटणांवाचून डोक्यातून घालता येतो आणि अंगाबरोबर बसतो.

हाताच्या सुयांनी होणारे हे काम यंत्रावर आणण्याचे श्रेय विल्यम ली या इंग्रजाला दिले जाते. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी १५८९ मध्ये त्याने पायमोजे विणणारे यंत्र तयार केले, असे मानले जाते. होजियरी हा शब्दही मोज्यांवरूनच आलेला आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातील जर्सी बेट लोकरीच्या विणकामासाठी नावाजलेले होते. तेथल्या विणलेल्या लोकरी कपड्यांनी या प्रकारच्या कापडाला बेटाचे नाव दिले. १८८० च्या सुमारास त्या बेटावर जन्मलेल्या लिली लँग्ट्री या सौंदर्यवतीने अंगाबरोबर बसणारा जर्सीचा पोशाख घालून लंडनमध्ये त्याची टूम आणली होती. ती टूम ओसरली. प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने जर्सी हे पुन्हा मोजे, बनियन, कोळ्यांचे सदरे आणि खेळाडूंचे कपडे यांचेच कापड राहिले.

फेरीवाल्याची मुलगी

गॅब्रिएलचा जन्म १९ ऑगस्ट १८८३ रोजी फ्रान्समधील सोम्यूर या गावी, जोगिणी चालवीत असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयात झाला. आई जान दव्होल कपडे धुण्याचे काम करी. वडील आल्बेर शनेल गावोगावच्या बाजारांत फिरून कष्टकऱ्यांचे कपडे आणि आतले कपडे विकत. ज्या मालाला पुढे मुलीने पॅरिसच्या दिवाणखान्यात नेले, त्याच जातीचा माल बाप हातगाडीवर घेऊन हिंडत होता, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. गॅब्रिएल जन्मली तेव्हा आईवडिलांचे लग्नही झालेले नव्हते. ते पुढच्या वर्षी झाले. दारिद्र्य, सततची भटकंती आणि पाठोपाठची बाळंतपणे यांनी आईची प्रकृती खंगली आणि १८९५ मध्ये, वयाच्या तिशीतच, तिचे निधन झाले.

गॅब्रिएल तेव्हा अकरा वर्षांची होती. बापाने मुलांना शेतमजुरीसाठी दुसऱ्यांच्या घरी ठेवले आणि तिन्ही मुलींना ओबाझीन येथील मठाच्या अनाथालयात सोडून तो निघून गेला. त्यानंतर त्याने मुलींची विचारपूस केल्याचे दिसत नाही. मोठेपणी गॅब्रिएलने हे सारे लपवले. वडील दैव काढायला अमेरिकेत गेले आणि आपण मावश्यांच्या घरी वाढलो, अशी कहाणी ती सांगत असे. तिच्या चरित्रकारांना तिच्याच शब्दांच्या जाळ्यातून तिचे बालपण उसवून काढावे लागले.

ओबाझीनच्या मठात शिस्त कडक होती. उंच पांढऱ्या भिंती, काळ्या वस्त्रांतील जोगिणी, प्रार्थना, झाडलोट आणि शिवण हा तेथला दिनक्रम. अनाथ मुलींना शिवण शिकवण्यामागे फार मोठी महत्त्वाकांक्षा नव्हती. चादरींच्या कडा दुमडता आल्या, अंगरख्याला ठिगळ लावता आले, तर पुढे एखाद्या घरी किंवा दुकानात पोटापुरते काम मिळेल, एवढाच हेतू होता. त्या काळच्या आपल्या अनाथाश्रमांत आणि विधवागृहांतही मुलींच्या हाती सुई याच हेतूने दिली जात असे. एकसारखा टाका घालणे, चुकला तर उसवणे आणि पुन्हा घालणे, ही सवय गॅब्रिएलच्या बोटांत तेव्हा जी भिनली ती अखेरपर्यंत गेली नाही. काळ्या-पांढऱ्या रंगांची तिची आवडही याच भिंतींमधून आली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

अठराव्या वर्षी तिला मूलँ या लष्करी छावणीच्या गावी, जोगिणींच्याच एका वसतिगृहात पाठवण्यात आले. जवळजवळ तिच्याच वयाची तिची आत्या आद्रिएन तिच्या सोबतीला होती. दोघी कापड आणि लग्नाचे सामान विकणाऱ्या एका दुकानात कामाला लागल्या. फावल्या वेळात त्या एका शिंप्याकडे घोडदळातील अधिकाऱ्यांच्या कपड्यांची दुरुस्ती करीत. पुरुषांचे कपडे कसे बेतलेले असतात, खांदा कसा बसवतात, मुंढा कुठे कापला की हात मोकळा हलतो, हे तिला तेथे जवळून पाहायला मिळाले. बायकांच्या शिवणवर्गात हे शिक्षण सहसा मिळत नसे.

संध्याकाळी ती गावातल्या एका करमणूकगृहात गाणी म्हणू लागली. आवाज बेताचाच होता, पण तिच्या ठरावीक गाण्यांपैकी दोहोंत कोको हा शब्द येई. श्रोत्यांनी तेच नाव तिला दिले आणि ते चिकटले. गायिका होण्याचे स्वप्न मात्र फार काळ टिकले नाही.

टोपीपासून आरंभ

एतिएन बालसाँ हा कापडगिरण्यांच्या धनिक घराण्यातील तरुण तिला मूलँ येथे भेटला. १९०६ च्या सुमारास ती काँपिएन्यजवळच्या त्याच्या वाड्यावर राहायला गेली. घोड्यांच्या शर्यती, मेजवान्या आणि आळसात जाणारे दिवस असे तेथले आयुष्य होते. समाजाच्या लेखी ती आश्रित होती. लग्नाचा मान तिला मिळणार नव्हता आणि आज ना उद्या हे छत्र जाणार, हे तिला कळत होते. त्या मंडळींतील स्त्रिया कंबर आवळणारे कॉर्सेट, लांब घोळदार झगे आणि पिसाफुलांनी लादलेल्या प्रचंड टोप्या घालीत. कोको मात्र घोडेस्वारीसाठी पुरुषी धाटणीचे कपडे घाली आणि साध्या गवती टोपीवर एखादी फीत लावून ती मिरवी. पाहुण्या स्त्रिया तिच्याकडे तशा टोप्या मागू लागल्या. मोठ्या दुकानातून साध्या टोप्या आणायच्या आणि त्या आपल्या हाताने सजवायच्या, असा उद्योग सुरू झाला.

आर्थर केपल या इंग्रज उद्योजकाशी तिचे प्रेम जुळले. त्याने दिलेल्या भांडवलावर १९१० मध्ये पॅरिसच्या काँबों रस्त्यावर, २१ क्रमांकाच्या इमारतीत, तिने टोप्यांचे दुकान उघडले. १९१३ मध्ये समुद्रकाठच्या दोव्हिल या श्रीमंतांच्या हवापालटाच्या गावी दुसरे दुकान निघाले. तिच्या आयुष्यात जर्सी आली ती या दुकानात.

त्या काळाची एक गोष्ट ती पुढे सांगत असे. एका थंड दिवशी तिने एक जुना जर्सीचा स्वेटर अंगात घालायला घेतला. डोक्यातून घालणे नको वाटले, म्हणून तिने तो समोरून सरळ कापला. कापलेल्या कडा उसवू नयेत म्हणून त्यांवर फीत शिवली, कॉलर लावली आणि गाठ बांधली. रस्त्यात बायका तिला तो कपडा कुठे मिळाला ते विचारू लागल्या आणि तिने तसेच शिवून विकायला सुरुवात केली. तिच्या आठवणी नेहमीच विश्वासार्ह नसत. तरीही शिवण जाणणाऱ्याला या गोष्टीतला एक तपशील पटतो, आणि तो म्हणजे फीत. विणलेल्या कापडाची कापलेली कड एकतर गुंडाळते नाहीतर फासे सोडू लागते. तिला न ताणणाऱ्या पट्टीचा आधार दिला की ती शहाण्यासारखी राहते. आजही होजियरीच्या टॉपच्या खांद्यावर शिवणीसोबत बारीक पट्टी घालतात ती याच कारणाने. कोळ्यांच्या सदऱ्यांवरून आणि तबेल्यातील पोरांच्या स्वेटरांवरून बेतलेले तिचे सैल टॉप दोव्हिलच्या वाळूवर दिसू लागले.

युद्ध आणि गाठोड्यातले कापड

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. पॅरिस सोडून आलेल्या धनिक स्त्रियांनी दोव्हिल भरून गेले. पुरुष आघाडीवर होते, मोटारी आणि नोकर कमी झाले होते, हॉटेलांची रुग्णालये झाली होती. चालायचे, जखमींची शुश्रूषा करायची, स्वतःचे कपडे स्वतः चढवायचे, असे दिवस आले. पाठीवर डझनभर हूक असलेला झगा दासीवाचून घालता येत नसे. कोकोचा सैल, डोक्यातून घालण्याजोगा टॉप घालता येत होता. तिचे दुकान उघडे राहिले आणि चालले. १९१५ मध्ये स्पेनच्या सीमेजवळील बियारित्झ येथे तिने पोशाखांचे मोठे केंद्र सुरू केले. स्पेन युद्धात नसल्याने तेथल्या श्रीमंतांकडे पैसा होता. थोड्याच काळात तिच्या हाताखाली सुमारे ३०० कामगार शिवण करू लागले आणि केपलचे भांडवल तिने परत केले. आश्रित म्हणवल्या गेलेल्या स्त्रीने स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याचा तो क्षण होता.

युद्धामुळे चांगले कापड मिळेनासे झाले होते. रोदिए या कापड उत्पादकाने पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी यंत्रावर विणलेली जर्सी बनवली होती. ती खरखरीत म्हणून ग्राहकांनी नाकारली आणि गठ्ठे पडून राहिले. १९१६ मध्ये कोकोने ते गठ्ठे विकत घेतले आणि आणखी कापड मागितले. उत्पादक कचरला. हे कापड स्त्रियांच्या पोशाखात खपणार नाही, अशी त्याची खात्री होती. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्पर्स बाझार या मासिकाने तिच्या साध्या, कमरेला न आवळलेल्या पोशाखाचे चित्र छापले आणि अमेरिकी ग्राहकांचे लक्ष तिच्याकडे वळले.

या जागी तिच्या कसबाचे मर्म सापडते. मागावरच्या कापडाप्रमाणे ही जर्सी बेतू गेले तर ती सूड उगवते. कंबरेत टक्स घातले की शिवण फुगते, घट्ट आवळली की फासे उसवतात, जड भरतकाम केले की कापड लोंबते. कोकोने हे हट्ट सोडले. कंबर मोकळी सोडली, शिवणींची संख्या कमी केली, झग्याचा घेर आणि लांबी कमी केली आणि आकार देण्याचे काम कापडाच्या पडण्यावर सोपवले. तिची सुप्रसिद्ध साधी धाटणी केवळ अभिरुचीतून आलेली नव्हती. कापडाच्या मर्यादेनेही ती घडवली होती. कॉर्सेट दूर करणारी ती एकटी नव्हती. पॉल प्वारे आणि मादलेन व्हियोने यांनी आपापल्या मार्गाने तेच केले होते. परंतु स्वस्त आणि ताणणाऱ्या कापडातून रोजच्या हालचालीचा पोशाख घडवण्याचे काम तिच्याइतके चिकाटीने कोणी केले नाही.

आज घरी होजियरीचा टॉप शिवायला शिकणाऱ्या स्त्रीला हाच धडा निराळ्या रूपात गिरवावा लागतो. सुती होजियरी धुतल्यावर आटते, म्हणून बेतण्यापूर्वी ती धुऊन वाळवावी लागते. कापड जास्त कोणत्या दिशेने ताणते ते हाताने पाहून ती बाजू अंगाभोवती येईल असे मांडावे लागते. टोकदार सुई फाशाचा धागाच तोडते आणि तेथे भोक पडत जाते. म्हणून गोलसर टोकाची सुई लावायची, म्हणजे ती धागा बाजूला सारून आत शिरते. साधी सरळ शिवण ताणत नाही आणि कापड ताणते, म्हणून दोरा तुटतो. त्यावर उपाय बारीक नागमोडी टाक्याचा किंवा ओव्हरलॉकचा. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड कापून, फक्त पट्टीच हलकेच ताणून शिवली तर गळा सपाट बसतो. मुख्य म्हणजे मशिनखालून कापड ओढायचे नाही, त्याला त्याच्या गतीने जाऊ द्यायचे. मागावरच्या कापडावर हुकमत चालवण्याची सवय येथे विसरावी लागते.

कात्री, टाचण्या आणि उसवण

कोकोला चित्र काढता येत नसे. इतर पोशाखकार कागदावर आकृती रेखाटत. ती मात्र थेट उभ्या मुलीच्या अंगावर कापड टाकून काम करी. गळ्यात फितीला अडकवलेली कात्री आणि हातात टाचण्या, गुडघ्यांवर बसून तासन् तास टाचणे, कापणे, पुन्हा टाचणे असे चाले. बाही हे तिचे वेड होते. मुंढा वर, काखेजवळ घ्यायचा, म्हणजे हात उचलला तरी सारा कपडा वर खेचला जात नाही, हे तत्त्व तिने कधी सोडले नाही. एखादी बाही मनाजोगी बसेपर्यंत ती अनेकदा उसवी. समोर उभ्या असलेल्या मुली थकून जात, पण तिला थकवा जाणवत नसे.

१९१८ मध्ये काँबों रस्त्यावरची ३१ क्रमांकाची इमारत तिने घेतली. त्याच वर्षी केपलने एका सरदारकन्येशी विवाह केला. डिसेंबर १९१९ मध्ये मोटार अपघातात तो मरण पावला. हा आघात तिने आयुष्यभर बाळगला, असे तिच्या निकटच्या मंडळींनी नोंदवले आहे. १९२१ मध्ये एर्नेस्ट बो या रसायनतज्ज्ञाने तिच्यासाठी तयार केलेले पाच क्रमांकाचे अत्तर बाजारात आले. १९२४ मध्ये वेर्थहायमर बंधूंसोबत अत्तराची स्वतंत्र कंपनी निघाली. तीत तिच्या वाट्याला केवळ १० टक्के आले आणि हा करार तिला कायम सलत राहिला. १९२६ मध्ये अमेरिकेतील व्होग मासिकाने तिच्या साध्या काळ्या झग्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली. सर्वांना परवडेल आणि सर्वत्र दिसेल असा पोशाख, हा त्यामागचा आशय होता. प्रत्यक्षात तिचे कपडे सामान्य स्त्रीच्या ऐपतीबाहेरचे होते. मात्र ते इतके सोपे होते की घरच्या मशिनवर आणि गल्लीतल्या शिंप्याकडे त्यांच्या नकला सहज होत. इतर पोशाखकार नक्कल करणाऱ्यांवर चिडत. ती फारशी चिडत नसे.

शिवणाऱ्या बायकांचा संप

येथवरची कहाणी अनाथ मुलीच्या यशाची आहे. तिची दुसरी बाजू सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही.

१९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले आणि देशभर संपांची लाट उसळली. काँबों रस्त्यावरच्या शिवणकामगार स्त्रियाही संपावर गेल्या. पगार, कामाचे तास आणि पगारी रजा हे त्यांचे प्रश्न होते. त्यांनी इमारतीचा ताबा घेतला आणि खुद्द मालकिणीला दारात अडवले. कोको संतापली. कधीकाळी स्वतः तुटपुंज्या मजुरीवर दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करणाऱ्या या स्त्रीला आपल्या कामगारांच्या मागण्या कृतघ्नपणाच्या वाटल्या. अखेर तिला नमते घ्यावे लागले. पण १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच तिने पोशाखाचा सारा व्यवसाय बंद केला आणि हजारो स्त्रियांचा रोजगार गेला. युद्धकाळात कपड्यांची चैन नको, असे कारण पुढे आले. १९३६ चा राग त्यामागे होता, असे अनेक चरित्रकारांचे मत आहे.

जर्मन फौजांनी पॅरिस घेतल्यावर ती रिट्झ हॉटेलात राहिली. हान्स ग्युंथर फॉन डिंकलागे या जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. ज्यूंची मालमत्ता हिरावणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन तिने १९४१ मध्ये अत्तराची कंपनी ज्यू भागीदारांकडून आपल्या ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. वेर्थहायमर कुटुंबाने देश सोडण्यापूर्वी कंपनी एका ख्रिस्ती उद्योजकाच्या नावे केली होती, त्यामुळे तो डाव फसला. चर्चिल यांच्यापर्यंत तहाचा निरोप नेण्याच्या जर्मनांच्या एका कारवाईतही ती गुंतली होती. पुढे उघड झालेल्या कागदपत्रांत जर्मन गुप्तचर खात्याच्या नोंदींमध्ये तिचे नाव आढळते. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर तिला चौकशीसाठी नेण्यात आले, परंतु थोड्याच वेळात सोडून देण्यात आले. त्यानंतर ती स्वित्झर्लंडला गेली आणि बरीच वर्षे तेथेच राहिली.

स्त्रीच्या शरीराला मोकळा श्वास देणारे हात आणि सहकाऱ्यांची मालमत्ता बळकावू पाहणारे हात एकाच व्यक्तीचे होते. तिच्या कसबाचा आदर करताना या गोष्टीवर पडदा टाकण्याचे कारण नाही, आणि या गोष्टीमुळे ते कसब खोटेही ठरत नाही. वाचकाने दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात, हेच योग्य.

पुन्हा मुंढ्यापाशी

१९५४ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ती पॅरिसला परतली आणि बंद पडलेले दालन तिने पुन्हा उघडले. ज्यांची कंपनी बळकावण्याचा प्रयत्न तिने केला होता, त्याच वेर्थहायमर घराण्याने तिला भांडवल पुरवले. ५ फेब्रुवारी रोजी नवे पोशाख सादर झाले. युद्धानंतर ख्रिश्चन दिओरने कंबर आवळलेल्या, घेरदार झग्यांची लाट आणली होती. तिच्यापुढे कोकोचे सरळ, मोकळे पोशाख फ्रेंच वृत्तपत्रांना जुनाट वाटले. अमेरिकेत मात्र त्यांचे स्वागत झाले. नोकरी करणाऱ्या, बस पकडणाऱ्या, जिना चढणाऱ्या स्त्रीला ते हवे होते. या काळातील तिच्या कोटांच्या आत, खालच्या कडेला, बारीक साखळी शिवलेली असे. तिच्या वजनाने कोट नीट पडे. पोशाख वरून साधा दिसावा आणि त्याची हुशारी आतल्या बाजूला असावी, ही तिची रीत होती.

अखेरच्या दिवसांपर्यंत ती काम करीत राहिली. रविवार तिला आवडत नसे, कारण त्या दिवशी शिवणदालन बंद असे. १० जानेवारी १९७१ रोजी, रविवारीच, रिट्झ हॉटेलातील खोलीत वयाच्या ८७ व्या वर्षी तिचे निधन झाले. तयार होत आलेले पोशाख त्याच महिन्याच्या अखेरीस, तिच्या पश्चात सादर करण्यात आले. तिचे दफन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले.

आज होजियरीचे कापड कोणाला हलके वाटत नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूर आणि पंजाबातील लुधियाना ही शहरे त्यावर उभी आहेत. महाविद्यालयातील तरुणी, कारखान्यातील कामगार आणि पहाटे फिरायला निघणाऱ्या आजीबाई सारख्याच सहजतेने त्याचे टॉप घालतात. त्यात मिसळल्या जाणाऱ्या लवचीक कृत्रिम धाग्याचा शोध १९५८ मध्ये लागला आणि कापड आणखी सोशिक झाले. शनेलच्या नावाची वस्तू चिकलठाण्यातील सामान्य घरात क्वचितच पोहोचेल. पण तिने ज्या कापडाशी जुळवून घेतले ते कापड तेथे केव्हाच पोहोचले आहे.

खिडकीजवळच्या त्या मशिनवर सुई बदललेली असते, टाका नागमोडी केलेला असतो, तरी पहिल्या टॉपची बाही काखेत ओढतेच. गृहिणी दिव्याखाली बाही उसवते, मुंढा बोटभर वर घेते आणि पुन्हा टाचते. काँबों रस्त्यावर गळ्यात कात्री अडकवून एक म्हातारी हेच काम सत्तरीनंतरही करीत होती.